वेंडेलिनची कोणालाच ठाऊक नसलेली जागा

ब्लाझेनाचं लग्न ठरलं ते साल चौऱ्याहत्तर. म्हणजे वेंडेलिन वोत्रुबाने न्हाणीघराला स्वतःच्या हाताने नवी फरशी बसवली आणि ती उलट्या उताराची निघाली, तेच साल. तसं लग्न पोरांनी ठरवलं होतं. थोरांचं ठरायचं होतं. मुलाचे, म्हणजे रादिमचे, आईवडील रविवारी प्रागहून येणार होते, आणि त्यांना हावरानच्या पडक्या किल्ल्यावर जेवायला न्यायचं, असं वेंडेलिनने परस्पर जाहीर करून टाकलं होतं.

“माझ्या डोळ्यांवर फडकं बांधा, हातात काठोकाठ भरलेला बिअरचा ग्लास द्या!” तो म्हणाला. “फेससुद्धा न हलवता बुरुजापर्यंत जातो! त्या खडकांत वाढलोय मी!”

“न्हाणीघराचं पाणीही तू असंच नेणार होतास,” त्याची बायको आनेश्का म्हणाली.

आमच्या मुलखात माणूस आपलं दुखणं सांगेल, भावकीतलं भांडण सांगेल, बायकोचं खरं वयही सांगेल. पण अळंबी कुठे मिळतात ते सांगणार नाही! ती जागा बाप मरताना मुलाच्या कानात सांगतो. वेंडेलिनलाही तशीच मिळाली होती. हावरानच्या खाली, वाळूच्या दगडाचा एक सुळका वाकलेल्या साधूसारखा उभा आहे, त्याच्या पाठीमागे. तिथे पावसानंतर तपकिरी टोपीची, पोराच्या मुठीएवढाल्या देठांची अळंबी उगवत. दर गुरुवारी तो एकटा जाई, आणि कोणी मागावर असलं तर चकवावं म्हणून ओढ्यातून परत येई. ओले बूट बघून आनेश्का काही विचारत नसे. बिचारी भोळी आहे, असं त्याला वाटे.

रविवारी व्याही कुबातसाहेब मोटारीतून उतरले. दार आधी उघडलं, मग पोट आलं, मग बऱ्याच वेळाने साहेब. आणि हातात काय? टोपली! वेताची, खोल, कडीची टोपली!

वेंडेलिन पुढे सरसावला.

“टोपली कशाला आणलीत?”

“सहज! किल्ल्यावर जायचंय ना?” कुबात हसले. “परवा तुमच्याकडे पाऊस छान झाला म्हणे?”

पावसाची चौकशी! वेंडेलिनने टोपलीवरचं फडकं हळूच उचललं. आत वरच एक छोटा, वाकड्या पात्याचा चाकू, अळंबी कापायचा असतो तसा! आता शंका उरली नाही. हा माणूस मुलगी बघायला आलाच नव्हता!

किल्ल्याची सरळ वाट झाडांवरच्या लाल पट्ट्यांची. तान्हं पोरही कडेवर घेऊन चढावं अशी. पण ती साधूच्या सुळक्याजवळून जाते. वेंडेलिनने तिथल्या तिथे बेत बदलला.

“बायकांनी आणि पोरांनी लाल वाटेने जावं. साहेब, आपण पुरुषांच्या वाटेने जाऊ!”

“ती कुठली?” आनेश्काने विचारलं.

“मागून. उंदराच्या बिळातून.”

आनेश्काने एकदा खडकाकडे पाहिलं, एकदा कुबातांकडे. “वेंडा, तू शुद्धीवर आहेस ना?”

पण वेंडेलिन निघालासुद्धा.

उंदराचं बीळ म्हणजे दोन कड्यांमधली फट. त्यातून आडवं होऊन सरकायचं. कुबात घामाघूम झाले होते. “व्याही, प्रागमध्ये इतक्या जागेत आम्ही छत्रीसुद्धा ठेवत नाही!” तरी ते शिरले. चार पावलं सरकले आणि थांबले. पुढे जाईनात, मागे जाईनात. बाटलीत बूच बसावं तसे बसले!

पुढे गेलेल्या वेंडेलिनने हात धरून ओढलं. कड्याची वाळू दोघांच्या डोक्यावर सांडली. टोपी ओढली, टोपी हातात आली. बाही ओढली, बाही हातात आली!

“वाचवा!” कुबात ओरडले. “कोणी आहे का?”

वेंडेलिनने झडप घालून त्यांचं तोंड दाबलं. “ओरडू नका हो!”

कारण उंदराचं बीळ ज्या कड्याखालून जातं, त्याच्याच माथ्यावर, साधूच्या पाठीमागे, ती जागा होती. लाल वाटेवरून कोणी मदतीला आलं, तर अळंबी तुडवतच येणार!

कुबातांनी तोंड सोडवून घेतलं. “माणूस गुदमरतोय आणि हा म्हणतो ओरडू नका! वोत्रुबा, तुमच्या घरात माझा मुलगा देणार नाही! हे लग्न मोडलं!”

वेंडेलिन उभा राहिला. एकीकडे ब्लाझेना. रादिमचं नाव निघालं की तिचे कान लाल होत. दुसरीकडे बापाची शेवटची कुजबूज. मुलगी एकुलती होती. पण जागाही एकुलतीच होती! खरं सांगायचं तर त्याने जितका वेळ घेतला, तितका बापाने घ्यायला नको होता.

मग त्याने डोळे मिटले आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, “आनेश्का ऽऽ!”

“ओरडतोस कशाला? इथेच आहे मी.”

कड्यावरून आनेश्का वाकून बघत होती. तिचा एप्रन अळंब्यांनी भरला होता. शेजारी विहीणबाई, त्यांच्या प्रागच्या हॅटमध्येही अळंबी!

“तू... तिथे... कशी?” वेंडेलिनने विचारलं.

“ते मग. साहेब, कोटाच्या खिशांत काय आहे?”

“बिअरच्या बाटल्या,” कुबात कण्हले. “दोन्हीकडे. सोयरीक जमल्यावर उघडायच्या होत्या.”

“वेंडा, काढ त्या.”

वेंडेलिनने बाटल्या काढल्या. साहेब सुळकन बाहेर आले.

किल्ल्याच्या पडक्या भिंतीवर बसून सगळ्यांनी पावात घातलेले तळलेले मांसाचे तुकडे खाल्ले. खाली सुळक्यांचं दाट, शहरासारखं रान उन्हात पिवळं पडलं होतं. ब्लाझेना आणि रादिम बुरुजाच्या टोकाला पाय सोडून बसले होते. तसं ऊन पुढे कितीदा तरी पडलं असेल, पण त्या दिवसाचं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. कुबातांनी टोपलीतून सलामीचा, म्हणजे सुक्या मांसाचा, दांडा काढला आणि वाकड्या चाकूने कापला. आनेश्काने अळंबी पुढे केली, तर ते मागे सरकले. “नको! अळंबी बघूनच मला मळमळतं!”

वेंडेलिनचा घास तोंडातच राहिला.

“आनेश्का,” तो हळूच म्हणाला, “केव्हापासून ठाऊक आहे तुला?”

“लग्न होऊन आले तेव्हापासून. सासूबाईंनी दाखवली. मी मंगळवारी येते. मोठी मोठी तुझ्यासाठी ठेवते, तुला आवडतात म्हणून.” मग म्हणाली, “ओढ्यातून येत जाऊ नकोस आता. गुडघे दुखतात तुझे.”

लग्न ऑक्टोबरात झालं. वेंडेलिन मात्र पुढेही दर गुरुवारी ओढ्यातूनच आला. आणि मोठं अळंबं मिळालं की घरभर मिरवत असे!

शेवटच्या दुखण्यात त्याने जावयाला बोलावलं, सगळ्यांना बाहेर काढलं आणि रादिमच्या कानात जागा सांगितली. रादिम सतरा वर्षं तिथली अळंबी खात होता. त्याने गंभीर चेहऱ्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, “साधूच्या डावीकडे की उजवीकडे, बाबा?”

“पाठीमागे रे, गाढवा!” वेंडेलिन समाधानाने म्हणाला. “आणि आनेश्काला सांगू नकोस.”

बाहेर ओट्याशी आनेश्का अळंबी चिरत होती. तो दिवस मंगळवार होता.

वेंडेलिन वोत्रुबा एक्याण्णव सालच्या सप्टेंबरात वारला. आनेश्का चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत गेली.