मशीनमधली मेंढरं

आमच्या भोरच्या प्रयोगशाळेत म्हाळूकाका मशीनला हाका मारतात. त्याही साध्या नव्हेत. "हुर्र, हुर्र, चला फुडं," असं चाललेलं असतं. नवीन आलेला माणूस दचकतो आणि मशीनच्या मागे जनावर बांधलंय की काय ते बघून येतो.

आमच्याकडे शेळ्यामेंढ्यांचं रक्त तपासायला येतं. त्यात चुंबकाला चिकटणारे बारीक तपकिरी कण मिसळायचे. रोगजंतूचा अंश असला तर तो या कणांना धरून बसतो. मग मशीनमधल्या चुंबकाच्या सळ्या प्लास्टिकच्या टोप्या घालून खाली उतरतात, कण उचलतात, धुण्याच्या पाण्यातून काढतात आणि ओळीने खळगे असलेल्या प्लेटच्या शेवटच्या खळग्यात नेऊन सोडतात. आम्ही त्यांना बीड्स म्हणतो, काका मेंढरं म्हणतात. धुणं म्हणजे नदी उतरणं.

काका हिर्डोशीच्या वरच्या वाडीतले, घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. इथे तंत्रज्ञ म्हणून त्यांचे केस पांढरे झाले, पण मशीन चालू असताना ते खुर्चीत बसलेले मी पाहिले नाहीत. चहा गार होतो, हे काचेला नाक लावून उभे. "एक बी मागं ऱ्हायला नगं," हे त्यांचं पालुपद. आम्ही जेवायला निघालो तरी दारात थांबून सगळे आले का ते बघणार. वैताग येतो अगदी.

गेल्या महिन्यात तर त्यांनी कमालच केली. भर कामात मशीनचं झाकण उघडलं. मशीन जागच्या जागी थांबलं आणि सगळे नमुने पुन्हा लावावे लागले. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम एरवी काकांना फार मानतात, पण त्या दिवशी त्यांनी काकांना मशीनवरून काढून नमुने घ्यायच्या खिडकीवर बसवलं. कशाला उघडलंत, असं मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

"एका खळग्यात थोडी मागं ऱ्हायली व्हती."

थोडे कण राहतातच, निकालाला फरक पडत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत की, मी म्हणालो.

"निकालाला न्हाई पडत," काका म्हणाले. मग पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत गेले. काकू वारल्या, मुलगा बायकोपोरांना घेऊन पुण्याला गेला, मेंढरं विकली, वाडीतली बाकीची घरंही खाली उतरली. आता वर दिवा लागतो तो एकट्या काकांचा. एसटीतून उतरून चढ चढताना ते अजून हुर्र हुर्र करतात, कुणाचा तरी आवाज व्हावा म्हणून. मला फार वाईट वाटलं.

आता मशीन मी चालवतो. काम संपलं की वापरलेल्या प्लेटवर चिकटपट्टी लावून, टाकून देण्याआधी ती खिडकीवर नेतो. त्याची काही गरज नसते. मॅडम बघतात आणि आपल्या कामाला लागतात. काका चष्मा कपाळावर चढवून प्लेट उजेडाला धरतात आणि एकेक खळगा निरखतात.

"सगळी गेली का, काका?"

"व्हय," ते म्हणतात. "समदी गेली."

मी प्लेट घ्यायला हात पुढे करतो, पण ती त्यांच्या हातून लवकर सुटत नाही.