चिपची पूजा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आसावरीचा कोलशेतच्या लॅबमधून फोन आला, तेव्हा मधुकररावांना कळलं की आपण लेकीची चिप वाया घालवली.

"बाबा, माझ्या टेबलावर काळी डबी आहे. उघडू नका हं. आतली चिप बिघाड शोधायला सरांना न विचारता घरी आणलीय. तसा पीस एकच आहे. काही झालं तर माझं प्रोजेक्ट गेलं."

डबी त्यांनी कालच उघडली होती. दसऱ्याला त्यांची बायको सुमेधा कात्रीपासून मिक्सरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लावायची. ती गेल्यापासून हे काम त्यांच्याकडे आलं. काही राहायला नको म्हणून त्यांनी डबीतल्या चिपलाही बोट लावलं, वर दोन अक्षता टाकल्या.

"असं काय आहे गं त्यात?"

"क्वांटम मेमरिस्टर. प्रकाशाचा एकेक कण जातो त्यातून. आधी काय गेलं ते लक्षात ठेवून तो पुढच्याला वाट देतो. मेंदूतल्या पेशीसारखं सर्किट बनवतोय आम्ही."

"म्हणजे झालेलं विसरत नाही?"

"तेच तर त्याचं काम!"

फोन ठेवून मधुकररावांनी ओल्या कापसाने कुंकू पुसलं. कापसाचे धागे चिकटले. शेजारचा रवींद्र टीव्ही दुरुस्त करायचा, त्याला हाक मारून सगळं सांगितलं.

"काका, हिला नैवेद्य नाही ना दाखवलात?"

"अरे, थट्टा नको रे, काहीतरी कर!"

रवींद्रने स्पिरिट आणलं. दोघांनी श्वास धरून चिप धुतली आणि आळीपाळीने फुंकर मारून वाळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसावरी डबी घेऊन लॅबला गेली. दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, खरं सांगा, डबी उघडलेलीत?"

"अगं, जरा... साफ केली."

"चिप चालू झाली! कडेला काहीतरी बसून प्रकाश अडत होता. महिनाभर कोणाला दिसलं नाही. सर गुरुवारी आपल्याकडे येतायत. तुम्ही काय केलंत ते पहिल्यापासून लिहून ठेवा म्हणाले. रिसर्च पेपरमध्ये छापायचंय."

मधुकरराव कागद घेऊन बसले. कापूस, स्पिरिट, फुंकर एवढं लिहून झालं. त्याच्या आधीचं लिहायचं अजून राहिलं आहे.