तांब्याच्या दोन चकत्या

रेग्यांनी कधी कुणाशी हस्तांदोलन केलं नाही. तुम्ही हात पुढे केलात की ते स्वतःचा तळवा तुमच्या तळव्यापाशी आणून केसभर अलीकडे थांबवत आणि विचारत, "पोचलं का?" नमस्कारही तसाच. गणपतीपुढे जोडलेल्या त्यांच्या हातांमधूनसुद्धा पोस्टकार्ड सरकवता आलं असतं.

नव्वदीच्या सुरुवातीला भाईंदरच्या आमच्या कॉलेजात ते फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर होते आणि मी विभागप्रमुख. वयानं ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. मुलं शंका विचारायला माझ्याकडे न येता त्यांच्याकडे जात, ते मला फार बोचायचं. म्हणून त्यांच्या "पोचलं का?"ला मी कायम "नाही बुवा" म्हणत असे. स्टाफरूम हसायची. रेग्यांचा चेहरा पडायचा, आणि तो पडावा म्हणूनच मी ते म्हणायचो.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एका काचेच्या हंडीखाली त्यांनी तांब्याच्या दोन चकत्या समोरासमोर बसवल्या होत्या. एक गरम, एक गार. हंडीतली हवा पंपानं काढून टाकायची आणि चकत्या एकमेकींच्या जितक्या जवळ नेता येतील तितक्या न्यायच्या, पण चिकटू द्यायच्या नाहीत. चिकटल्या की एक छोटा बल्ब पेटायचा. दिवा लागला की जग खूश होतं. रेगे कपाळावर हात मारून घेत.

"मध्ये हवाच नाही, तर ऊब जाणार कशी?" एकदा मी त्यांना मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं.

"सूर्याची येते तशीच. पण सर, धातूच्या अंगालगत अशी एक ऊब असते, जी अंग सोडून बाहेर पडतच नाही. दुसरं कुणी केसाच्या हजाराव्या भागाइतकं जवळ आलं, की ती पलीकडे उडी मारते. पुस्तकातला नियम सांगतो त्याच्या कितीतरी पट."

"मग पोचलात का तिथवर?"

"केसाच्या दहाव्या भागापर्यंत आलोय. एक रीडिंग मिळू दे. एकच."

त्या एका रीडिंगपायी त्यांची चार वर्षं गेली होती. भाईंदर पूर्वेला भांड्यांच्या गाळ्यात चकत्या कापून घेताना तिथल्या कारागिरानं विचारलं होतं, "साब, ये कौन से डिब्बे का ढक्कन है?" पुढे त्या आरशासारख्या सपाट केल्या त्या रेग्यांनी स्वतःच्या हातानं, काचेवर घासून घासून. खालून टेम्पो गेला तरी बल्ब लागायचा, म्हणून बिचारे रविवारी यायचे.

मग तपासणी समिती येणार असं कळलं. रेगे दोन दिवस रजेवर होते. मी डॉमनिकला बोलावलं. हा आमचा उत्तनचा जुना लॅब अटेंडंट. त्याला म्हटलं, "तांबं, पितळ, जे असेल ते चकाकलं पाहिजे."

त्यानं हंडीकडे बोट दाखवलं. "रेगे सर बोलले, याला हात लावाचा न्हाय."

"विभागप्रमुख कोण आहे?" मी विचारलं.

घासल्यावर त्या चकत्यांचं काय होईल हे फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं, असं मी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवू नये.

संध्याकाळी डॉमनिकनं त्या मोठ्या अभिमानानं माझ्यापुढे धरल्या. घरी सणाला हंडे घासतात तशा त्यानं त्या चिंच आणि राखेनं घासल्या होत्या. "एक डाग न्हाय, सर." खरंच नव्हता. उजेडात मात्र राखेचे ओरखडे इकडून तिकडे दिसत होते. समितीतल्या कुणी त्या कोपऱ्याकडे पाहिलंही नाही.

रेगे परत आले, चकत्या पाहिल्या, रुमालात गुंडाळल्या आणि निघून गेले. आठवडाभर आले नाहीत, तेव्हा मी जेसल पार्कला त्यांच्या घरी गेलो. बायको आजारी असते, एवढंच ऐकून होतो.

बाहेरच्याच खोलीत त्या पलंगावर निजल्या होत्या. नसांचा कसलासा आजार. चादर नुसती टेकली तरी अंगाची आग होते, रेगे म्हणाले. नऊ वर्षं झाली. मग ते पलंगाशी बसले आणि त्यांच्या गालापाशी तळवा नेऊन केसभर अलीकडे थांबवला.

"पोचलं का?"

"पोचलं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

मला गॅलरीत नेऊन रेगे हळू आवाजात म्हणाले, "ती रोज हो म्हणते. माझं मन राखायला म्हणते, की खरंच पोचतं? एवढंच बघायचं होतं. तांब्याचं गणित तळहाताला लागत नाही, ते कळतं मला. पण निदान तांब्यात तरी दिसलं असतं..."

मला लाज वाटली. तरी तोंडातून निघालं ते हेच, "डॉमनिकला मी समज दिलीय."

"डॉमनिक परवा येऊन गेला," रेगे म्हणाले. "रडत होता. सगळं सांगितलं त्यानं."

मी निघालो. दाराशी आल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून माझा तळवा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी विचारलं की या वेळी "पोचलं" म्हणायचं, असं मी ठरवलं होतं. रेग्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि मला नमस्कार केला. त्यांचे दोन्ही तळवे एकमेकांना घट्ट चिकटले होते.