शेंडा दिसेपर्यंत

मोहाडीतल्या आमच्या गल्लीत कुठे झाड तोडायचं निघालं, की शेजारी एकटे राहणारे तुळशीरामकाका झाडाकडे पाठ करतात, वाकून दोन पायांमधून मागे बघतात आणि शेंडा दिसेपर्यंत तसेच पुढे सरकत जातात. "जेथून शेंडा दिसते, तेथवर झाड पडते," हे त्यांचं गणित. तिथे ते चुन्याची रेघ मारतात. रेघेच्या आत कोणी थांबायचं नाही.

पपई तोडतानाही हेच. पपईपेक्षा काकाच उंच होते, पण आमची स्कूटी, दोन खाटा आणि मी, सगळे रस्त्यावर. "पडाले जागा ठेवली का?" हे ते लग्नाच्या मांडवाखालीही विचारतात. हल्ली करवतीचा आवाज आला की मी खिडकी लावून घेते.

परवा आमचा वाळलेला कडुनिंब तोडायचा होता. करवतवाल्याने पडायच्या बाजूला खाच न घेताच मागून मशीन लावली. समोर बाबा दोर धरून उभे.

"खाच काहून नाई मारली बापू?" काका ओरडले.

"दोर आहे ना काका!"

"दोर आखूड आहे."

"तुमाले तं सारंच आखूड दिसते."

बाबाही वैतागले. "तुळशीरामजी, बसा ना जी गुमान."

काका वाकायला गेले, पण कंबर वाकेना. मग माझ्याकडे वळले. "पोरी, तू वाक."

मजूर बघत होते, समोरच्या काकू बघत होत्या. मला कोणी नुसतं नाव विचारलं तरी घाम फुटतो. तरी वाकले, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं. बाबांना ओलांडून सहा पावलं गेले, तेव्हा कुठे शेंडा दिसला. म्हणजे बाबा आतच होते.

"बाबा, दोर सोडा!"

बहुतेक मी खूप मोठ्याने म्हणाले, कारण त्यांनी खरंच सोडला. ते बाजूला होतात न होतात तोच बुंधा उभा चिरला, करवतवाला मशीन टाकून पळाला आणि झाड बाबांच्या जागेवर आलं.

वाटलं, आता काका सगळ्यांना सुनावणार. ते बाबांचा हात धरून पायरीवर बसले. चहा आला, निवला. हात सोडला नाही.

"माही बायको अशीच दोर धरून उभी होती," ते म्हणाले. "कुऱ्हाड माह्या हातात. थे म्हने, मले भेव लागते. मी म्हनलो, मी आहो ना."