दर्यापूरच्या काट्यावरचा प्रिंटर

"दहा मिनिटांचं काम आहे साहेब! बाहेरचा माणूस बोलवाची गरजच नाही. मी आहो ना!"

नवा प्रिंटर जोडायचा विषय निघाला तेव्हा कुलदीपने हे छातीला हात लावून सांगितलं आणि किसनराव खूश झाले. सोयाबीन खरेदीचा त्यांचा धंदा. ऑफिस अमरावतीला, वजनकाटे दर्यापूर, मूर्तिजापूर आणि हिवरखेडला. सगळ्यांचं काम अमरावतीच्या एकाच सर्व्हरवर चालायचं. काट्यावरची माणसं आपापल्या गावातून याच मशीनमध्ये शिरायची, वजन भरायची आणि पावती आपल्या गावच्या प्रिंटरवर काढायची. हा सर्व्हर कुलदीपच्या ताब्यात. कुलदीप स्वतः अजून टेम्पररी होता. या महिन्यात त्याला पर्मनंट करायचं किसनरावांच्या मनात होतं.

त्यातच किसनरावांनी एका प्रदर्शनातून, स्वतः निवडून, दर्यापूरसाठी हा नवा प्रिंटर आणला होता. कंपनीचं नाव कुलदीपने जन्मात ऐकलं नव्हतं!

प्रिंटर लागला, पण पावती निघेना. सर्व्हरला त्याची भाषा कळत नव्हती. ती कळवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, सर्व्हरवर टाकला की झालं. कुलदीपने नेटवर कुठूनसा तो शोधला, मिळेल तिथं 'यस' दाबलं आणि दर्यापूरला फोन लावला.

"बंडूभाऊ, मारा प्रिंट!"

"निघाला साहेब! कागद निघाला!"

"पाहा! म्हटलं नव्हतं?"

"पन याच्यावर लिहेल काय आहे? नुसते चौकोनं अन् चांदन्या! हा अजून एक निघाला. अजून एक. साहेब, हा थांबूनच नाई राहिला!"

"बंद करा! बंद करा!"

"कोनतं बटन?"

"कोणतंही!"

खट्ट आवाज आला.

"बंद झाला साहेब. पन काटाबी बंद पडला. वर ट्रॅक्टर उभा होता ना!"

तेवढ्यात मूर्तिजापूरचा फोन. तिथंही पावती निघेना. मग हिवरखेडची मंजुषा. तिथंही तेच! नवा ड्रायव्हर सर्व्हरची अख्खी छपाईच पाडत होता. कुलदीप ती चालू करी, ती क्षणभर चाले आणि बसे. रस्त्यात बसलेल्या म्हशीसारखी. उठवली की दोन पावलं टाकायची, पुन्हा बसायची!

त्याने ड्रायव्हर काढायला घेतला. सर्व्हर म्हणाला, हा वापरात आहे, काढता येणार नाही.

"कोण वापरून राहिलं बे?" कुलदीप मशीनवर ओरडला आणि कोणाला न विचारता त्याने सर्व्हरच बंद करून चालू केला. तिन्ही गावांचे पडदे एकदम काळे झाले. फोन इतके वाजले, की त्याला वाटलं आता भिंती वाजतील.

सर्व्हर उठला, छपाईही कशीबशी सुरू झाली. पण घाईघाईत कुलदीपने दोन प्रिंटरांची अदलाबदल करून ठेवली.

"सर," मंजुषा म्हणाली, "हिवरखेडात दर्यापूरच्या पावत्या निघून राहिल्या. इथल्या एका काकांच्या नावाचाच माणूस तिकडं दर्यापूरला आहे वाटते. काका त्याची जास्त वजनाची पावती घेऊन गेले. त्यांचा माल दुप्पट झाला!"

"परत मागा ना!"

"मागितली. म्हणाले, वजन काट्यानं केलं, म्या नाई केलं."

इकडे बंडूभाऊंचा आवाज रडवेला झाला होता. "साहेब, ट्रॅक्टरची लाइन पार रोडवर गेली. एसटी अडकली. लोक इचारून राहिले, हा कॉम्प्युटरवाला राह्यते कुठं?"

"सांगू नका!"

कुलदीपने टेबलावर डोकं टेकवलं. डबा उघडलाच नव्हता. गेली नोकरी! घरी आईला काय सांगायचं? एका प्रिंटरपायी गेली? शेवटी त्याने हर्षाला फोन लावला. कॉलेजातली मैत्रीण, अकोल्याला एका दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायची. त्याने ड्रायव्हरचं नाव सांगितलं.

"हॅलो? आहेस ना?"

"आहो. कपाळाले हात लावून बसली," हर्षा म्हणाली. "कावून टाकला बाप्पा तो? आता ऐक. सगळ्यांना सर्व्हरमधून बाहेर काढ. छपाई बंद ठेव, मग ड्रायव्हर काढ. अन् सर्व्हरचा स्वतःचा साधा ड्रायव्हर लाव सगळ्यांना. प्रिंटरची भाषा ज्याच्या-त्याच्या गावचं कॉम्प्युटर पाहून घेते. सर्व्हरला त्या प्रिंटरचं तोंडही पाहायची गरज नाही!"

कुलदीपने सांगितलं तसं एकेक केलं. मग श्वास रोखून दर्यापूरला फोन लावला.

"निघाली!" बंडूभाऊ किंचाळले. "साहेब, मराठीत निघाली!"

कुलदीपच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. हिवरखेडच्या काकांना उद्या गाठू. पण हा प्रिंटर दर्यापुरात राहिला तर आपण जगत नाही! परत पाठवाच, असं सांगायला तो तडक किसनरावांच्या केबिनमध्ये शिरला.

"साहेब, तो प्रिंटर..."

"बंडूचा फोन आलता आत्ताच! भल्ला खूश आहे!" किसनराव हसत उठले. "मी म्हटलं होतं ना, मालात खोट नाई! लगेच मूर्तिजापूर, हिवरखेड अन् आपल्या ऑफिससाठी तसलेच अजून मागवून टाकले. अन् हे घे, तुझं पर्मनंटचं लेटर. एवढे प्रिंटर आले म्हटल्यावर घरचा मानूस पाह्यजे ना सांभाळाले!"

कुलदीपने लेटर दोन्ही हातांनी घेतलं. त्याच्या तोंडून आभार निघायला हवे होते. निघालं ते एवढंच.

"साहेब... टेम्पररीच राहू द्या ना!"