ओवाळणीतली सीडी

भाऊबीजेला श्रीपादने बहिणीच्या ताटात कॉम्प्युटरची सीडी ओवाळणी म्हणून घातली, हे ऐकून त्याच्या बायकोने, सौदामिनीने, कपाळावर हात मारला. श्रीपादला मात्र आपण केवढे हुशार असं वाटत होतं. भोरला एसटी स्टँडजवळ तो कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवून द्यायचा. कॉम्प्युटर जिच्यावर चालतो त्या सिस्टीमची नवी सीडी त्याने पुण्याहून आणली होती. जुनी असणाऱ्याला ती स्वस्तात मिळते, तिला अपग्रेड म्हणतात. मग जुनीचं काय लोणचं घालायचं? वेल्ह्यात बहिणीकडे, श्रावणीकडे, नुकताच कॉम्प्युटर आला होता. घातली ताटात!

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने कॉम्प्युटरमधलं जुनं सगळं पार धुऊनपुसून तो कोरा केला आणि नवी सीडी आत सरकवली. ती थोडी चालली आणि अडून बसली. पडद्यावर आलं, आधी जुनी सीडी दाखवा.

आणि समोर नूरुद्दीनचाचा बसले होते. त्यांच्या लेकीचं, मदिहाचं, लग्न तोंडावर आलं होतं.

"श्रीपादराव, पत्रिका आजच छापखान्यात गेली पायजे. पानशेतकडचं पावनं काय सपनात बघून येनार हायेत व्हय?"

श्रीपादने पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला.

"अहो, जुनी देऊन टाकलीत?" दुकानदार ओरडला. "तशी देता येत नाही! अपग्रेड घेतलं की जुनी-नवी मिळून एकच. द्यायची तर दोन्ही एकालाच द्यायची."

"आता ओवाळणी परत मागणार?" डबा घेऊन दुकानात आलेली सौदामिनी म्हणाली. "देवा! त्यापेक्षा मला माहेरी पाठवा. मला नाही बघवायची ही शोभा."

पण मदिहाचं लग्न काय थांबणार होतं? चाचांनी टेम्पो काढला. वेळ पडली तर काम तिथंच उरकू म्हणून श्रीपादने पत्रिकेच्या फ्लॉप्या आणि नवी सीडी खिशात घातली आणि दोघं वेल्ह्याला पोचले.

श्रावणी दारातच म्हणाली, "दादा, काय झ्याक ओवाळणी दिलीस रे! कॉम्प्युटरवर चढवली, आणि सासूबाई सकाळपासून त्यातले पत्ते खेळतायत. जेवायलासुद्धा उठल्या नाहीत."

श्रीपादने चहा घेतला. मग चिवडा घेतला. मग परत चहा घेतला. शेवटी चाचांचाच धीर सुटला.

"ताई, तुज्या भावाला ती सीडी परत पायजे. लाजतोय बिचारा."

मग श्रीपादने सगळं सांगितलं. श्रावणीने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे जुनी ज्याची, नवीही त्याचीच?"

"हो."

"आणि जुनी तर तू मला ओवाळणीत घातलीस."

"हो, पण..."

"मग आण ती नवी इकडे!"

चाचा मांडीवर थाप मारून हसले. "कायद्यानं बरूबर हाय बगा पोरगी!"

श्रीपादने खिशातून सीडी काढून दिली. श्रावणीकडे नवी सिस्टीम विनातक्रार चढली. सासूबाईंना कसंबसं उठवून तिथंच मदिहाची पत्रिका जुळवली. नावं श्रावणीने बसवली, आणि दादापेक्षा देखणी बसवली. दिवस मावळायच्या आत चाचा फ्लॉपी घेऊन भोरच्या छापखान्यात हजर झाले. श्रीपादलाही फार बरं वाटलं. बहिणीला एवढं खूश त्याने कधी पाहिलं नव्हतं.

घरी सौदामिनी वाटच बघत होती. "आणलीत जुनी?"

"नाही. नवीही तिथंच ठेवून आलो."

सौदामिनी हसत सुटली. "आता दुकानाला?"

"दुसरी आणायची. पुऱ्या किमतीची."

"आणा की," तिने चकल्यांचा डबा पुढे सरकवला. "पण ती माझ्या नावावर घ्या. मलाही भाऊ आहे म्हटलं. ती कुणाला द्यायची, ते माझं मी बघेन."

श्रीपादच्या हातातली चकली हातातच राहिली.