चार कप्प्यांचा रविवार

रात्रपाळी करून भिकन रविवारी सकाळी गोडादरा वस्तीतल्या खोलीवर आला, तेव्हा त्याला फक्त झोप हवी होती. आठवड्यातली एकुलती एक सुट्टी. पण त्याची सातवीतली मुलगी धनश्री दारातच प्लास्टिकच्या चार बाटल्या मांडून रडकुंडीला आली होती. अकराला शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि तिचं बाटल्यांचं हृदय सगळीकडून गळत होतं. मागच्या वर्षी तिचा प्रकल्प अर्धवट राहिला, तेव्हा बाईंनी तिला सतरंज्या अंथरायला लावलं होतं. ते पुन्हा झालं, तर ती शाळेचं तोंड पाहणार नव्हती.

भिकन बसला बिचारा. तो सचिन गावातल्या डाईंग मिलमध्ये कापडाचे रंग कालवायचा. धनश्रीने पाण्यात घातलेला जिलबीचा रंग त्याला बघवेना, म्हणून त्याने मिलमधल्या दोन पुड्या काढल्या. अशुद्ध रक्त उजवीकडे येतं, म्हणून उजव्या दोन बाटल्यांत निळा. फुफ्फुसांतून शुद्ध होऊन ते डावीकडे येतं, म्हणून डाव्या दोन बाटल्यांत लाल. मधे जाड पडदा. नळ्या गोंदाने चिकटवल्या. आता गोंद सुकेपर्यंत हृदय कुणीतरी आडवं धरायला हवं होतं.

भिकनने हे काम लगेच मागून घेतलं, कारण ते झोपून करता येण्यासारखं होतं. शर्ट काढून तो खाटेवर उताणा पडला आणि त्याने हृदय छातीवर घेतलं.

दहा वाजता त्याची बायको सुंदरा भाजी घेऊन आली, तेव्हा चारही बाटल्या रिकाम्या होत्या आणि भिकन घोरत होता.

"हाई काय व्हयनं?" तिने विचारलं.

"डोळा लागी गया," भिकन जागा होत म्हणाला.

त्याच्या छातीचा उजवा भाग निळा आणि डावा लालभडक झाला होता. साबण झाला, लिंबू झालं, बेसन झालं. रंग तसूभर हलला नाही. धनश्री हुंदके देत उभी होती. मग डोळे पुसून ती बापाच्या छातीकडे निरखून बघू लागली.

"पप्पा, शर्ट घालू नका."

पेनाने तिने त्याच्या छातीवर चार कप्पे आखले आणि मधे झडपा काढल्या. भिकनला गुदगुल्या झाल्या, पण हसण्याइतकं त्राण नव्हतं.

शाळेत तो चार तास टेबलावर उभा होता. एरवी वर्गात तोंडातल्या तोंडात बोलणारी धनश्री हातात पट्टी घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती, की झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत आणि डावा खालचा कप्पा सगळ्या अंगाला रक्त पुरवतो. "हृदय एक दिवसही सुट्टी घेत नाही," असं ती म्हणाली, तेव्हा हृदयाने मोठी जांभई दिली. तिचा पहिला नंबर आला. भिकनला भरून आलं आणि झोपही आली.

विज्ञान शिकवणाऱ्या शर्वरीबाईंनी सांगितलं, की प्रकल्प आता जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाईल, पुढच्या रविवारी. रंग तोवर टिकेल का, असं त्यांनी जरा काळजीने विचारलं.

भिकनने नुसतं नाही म्हटलं असतं, तर पुढचा रविवार झोपायला मिळाला असता. त्याने धनश्रीकडे पाहिलं. ती श्वास रोखून उभी होती.

"पक्का रंग आहे, बाई," तो म्हणाला.

घरी येताना धनश्रीने त्याचा हात धरला होता. "पप्पा," ती लाडाने म्हणाली, "आठ दिवस आंघोळ करताना जरा जपून हं. आणि पुढच्या वेळी जांभई नको. ती हृदयाला येत नाही."